उक्तें भाडें : कोंकणकिनाऱ्यावरील समूहप्रवास व त्याचे कागद

संग्राहकाच्या हातीं जुन्या दप्तराचें गांठोडें आलें म्हणजे तो प्रथम सनदा बाजूस काढतो, मग महजर व निवाडे, मग वंशावळी व पत्रें. तळाशीं जे चिठ्ठ्याचपाट्यांचे तुकडे राहतात ते पुन्हां तसेच बांधून ठेवले जातात. घरधनी उदासीन असल्यास तेथेंच टाकले जातात. या तळच्या तुकड्यांत भाड्याच्या चिठ्ठ्या असतात. पडाव ठरविला, गाड्या सांगितल्या, डोलीस भोई लाविले, मोटार केली. विसार इतका दिला, बाकी परत आल्यावर द्यावयाची, असा त्यांचा मजकूर. त्यांत राजकारण नाहीं, लढाई नाहीं, वतनाचा तंटाही नाहीं. यास्तव त्यांची उपेक्षा झाली तर नवल नाहीं. आम्हींही पुष्कळ वर्षें ती केली. परंतु मंडळीनें मिळून वाहन ठरविणें हा दोन पक्षांचा करार आहे, आणि तो होण्यास एका पक्षास विचारण्याची व दुसऱ्यास नाकारण्याची मोकळीक लागते. किनाऱ्यावरील कोणत्या लोकांस ही मोकळीक होती व कोणांस नव्हती, हें या चिठ्ठ्यांवरून जितकें कळतें तितकें सनदांवरून कळत नाहीं, असें आमचें आतां मत झालें आहे.

भाडें दोन प्रकारचें. एकांत प्रत्येक उतारू आपल्यापुरते पैसे देतो, आणि वाहनांत आणखी कोण बसतें याशीं त्यास कर्तव्य नसतें. खाडीवरची तर हा त्याचा जुना नमुना. दुसऱ्यांत सबंध वाहनच कांहीं काळापुरतें एका मंडळीचें होतें. दहा बसोत कीं तीस, आकार एकच. यास आपल्या जुन्या भाषेंत 'उक्तें' म्हणत. १९३९ सालीं मोटारवाहनांचा जो कायदा झाला त्यानें हाच भेद धरून टप्प्याटप्प्यावर उतारू घेणारी गाडी निराळी व कराराची गाडी निराळी असे वर्ग केले, आणि कराराच्या गाडीनें कराराबाहेरचा उतारू वाटेंत चढवूं अगर उतरवूं नये असें ठरविलें. १९८८ च्या कायद्यांतही हा भेद कायम आहे. एस. टी. ची पहिली गाडी १ जून १९४८ रोजीं पुणें व अहमदनगर यांच्या दरम्यान धांवली. या संस्थेची लग्नें, यात्रा व सहली यांसाठीं सबंध गाडी देण्याची जी पद्धत आहे तिला 'प्रासंगिक करार' असें नांव आहे. नांव कचेरींतलें असलें तरी वस्तु जुनीच होय.

कोंकणपट्टीचा नकाशा समोर ठेवला असतां हा प्रकार येथें इतका कां रुजला हें ध्यानांत येतें. सावित्रीच्या मुखाशीं बाणकोट, वाशिष्ठीच्या मुखाशीं दाभोळ, शास्त्रीच्या मुखाशीं जयगड, वाघोटणच्या खाडीवर विजयदुर्ग. दर कांहीं कोसांवर खाडी आडवी येते आणि दक्षिणोत्तर जाणारी वाट तुटते. गाडी अलीकडे सोडावी, तरीनें पार व्हावें, व पलीकडे दुसरी गाडी पाहावी, हें एकट्यादुकट्यास चालतें. पन्नास माणसांचें वऱ्हाड, त्यांत म्हातारीं माणसें, लेंकुरवाळ्या, रुखवताचीं भांडीं. यांस तें चालत नाहीं. म्हणून अशीं कार्यें बहुतेक पाण्यावरूनच होत. पडाव अथवा मचवा सबंध ठरवावा, तांडेलास विसार द्यावा, व भरतीची वेळ गांठावी. तरींची व्यवस्था सरकारच्या हातीं असे, १८६८ चा मुंबई इलाख्याचा तरींचा कायदा यासाठींच झाला. मचव्याचा दर मात्र तांडेल व यजमान यांच्या बोलण्यावर राही.

या बोलण्यांत सर्वांत नाजूक कलम खोटीचें. मुहूर्त लांबला किंवा मानपानावरून व्याही रुसला, कीं इकडे पाणी ओसरे आणि मचवा चिखलांत बसे. मग पुढच्या भरतीपर्यंत खलाशांचा भत्ता कोणीं द्यावयाचा? वरपक्षानें कीं वधूपक्षानें? पूर्वीं ठरलें नसेल तर तंटा ठेवलेलाच. आजच्या भाड्याच्या गाडीसही थांबून राहिल्याचा आकार निराळा पडतो, आणि त्यावरून आजही मांडवाच्या दारांत बोलाचाली होतात. भरतीओहोटीचा संबंध सुटला, खोटी तेवढी राहिली.

ऋतूचाही येथें विचार केला पाहिजे. ज्येष्ठांत समुद्र खवळला कीं किनाऱ्यावरचीं बंदरें मिटत, तीं नारळी पौर्णिमेच्या सुमारास उघडत. नारळी पौर्णिमेपासून गणेशचतुर्थीपर्यंतचें अंतर, मध्यें अधिक मास न आल्यास, उणेंपुरें एकोणीस दिवसांचें. मुंबईच्या चाकरमान्यास गणपतीस घर गांठावयाचें तें या नुकत्याच उघडलेल्या समुद्रावरून. आगबोटींच्या काळीं या दिवसांत धक्क्यावर जी झुंबड उडे तिचें कारण असें पंचांगांतच आहे. कुणकेश्वराची महाशिवरात्र, मारळच्या मार्लेश्वराची संक्रांत, शिमगा, उन्हाळ्यांतलीं लग्नें, हीं मात्र सर्व कोरड्या दिवसांत पडतात, व उक्त्या भाड्याचा हंगामही तोच.

येथें एक गोष्ट स्पष्ट करणें अवश्य आहे. जुन्या काळचा प्रत्येक समूहप्रवास भाड्याचा नव्हे. अंमलदाराची स्वारी निघाली म्हणजे ओझीं वाहण्यास गांवोगांव माणसें धरलीं जात. तीच वेठ अथवा बिगार. त्या प्रवासाचाही कागद असतो, पण तो हुकूम असतो: अमुक गांवानें इतके बिगारी पुढच्या गांवापर्यंत द्यावे. त्यांत आकार नाहीं, विसार नाहीं, खोटी नाहीं. दोन्ही कागदांत माणसांचे व ओझ्यांचे आकडे येतात, म्हणून वरवर पाहणारास ते एकाच जातीचे वाटतात, आणि सूचीकारही त्यांस 'प्रवासखर्च' या एकाच सदराखालीं घालून मोकळे होतात. ही चूक टाळण्यास एक सोपी खूण आहे. वाहणाऱ्याचें नांव कागदावर आहे कीं नाहीं तें पाहावें. भाड्याच्या चिठ्ठींत तांडेलाचें किंवा गाडीवानाचें नांव येतें, कारण उद्यां तो बाकी मागावयास दारीं येणार असतो. बिगाऱ्याचें नांव सहसा कोणी लिहीत नाहीं. महारवतनाच्या पोटीं ही राबणूक विसाव्या शतकांतही चालूच होती. १९२८ त डॉ. आंबेडकरांनीं मुंबईच्या कायदेकौन्सिलांत वतनकायद्याच्या दुरुस्तीचें बिल आणिलें तें याच जाचाविरुद्ध.

ज्या प्रसंगासाठीं आम्ही हा लेख लिहावयास बसलों त्याकडे आतां वळतों. १९२७ च्या मार्चांत १९ व २० तारखांस महाडास परिषद भरली व दुसऱ्या दिवशीं चवदार तळ्याचें पाणी घेतलें गेलें, हें सर्वश्रुत आहे. तोच हक्क पुन्हां बजावण्यासाठीं डिसेंबरांत सत्याग्रहपरिषद ठरली. २४ डिसेंबर रोजीं डॉ. आंबेडकर सुमारें दोनशें मंडळींसह 'पद्मावती' या आगबोटीनें मुंबईहून निघाले. मुंबईहून महाडास जाण्याचे दोन मार्ग होते. एक धरमतरचा: बोटीनें धरमतर बंदर गांठावें व तेथून मोटारीनें महाड. हा सोयीचा. दुसरा हरिहरेश्वरावरून बाणकोटच्या खाडींत शिरून दासगांवचा; दासगांव बंदरापासून महाड पांच मैल. या मार्गानें रात्र वाटेंत काढावी लागे. मंडळींनीं हा दुसरा, गैरसोयीचा मार्ग पत्करला, आणि कारण नमूद करून ठेवलें आहे: मोटारवाल्यांनीं बहिष्कार घातला तर धरमतरहून चालत महाड गांठणें होणार नाहीं, दासगांवाहून पांच मैल पायीं जातां येईल. २५ तारखेस दुपारीं मंडळी दासगांवीं उतरली व मिरवणुकीनें चालत महाडास गेली.

सत्याग्रहाचीं वर्णनें करणारे या मार्गाच्या निवडीस एक वाक्य देतात व पुढें जातात. कोंकणांतील दळणवळणाचा अभ्यास करणारानें मात्र त्या वाक्यापाशीं थांबलें पाहिजे. रस्ता होता, मोटारी त्यावर धांवत होत्या, दोनशें उतारू म्हणजे मालकांस घरबसल्या लाभ. तरीही गाडी मिळेलच असा भरंवसा पुढाऱ्यांस वाटला नाहीं. परिषदेच्या मांडवासाठीं जागा देण्यास इतर कोणी तयार होईना, ती एका मुसलमान गृहस्थाच्या मालकीची मिळाली. तेव्हां मोटारींविषयींची भीति निराधार नव्हती हें उघड आहे. भाडें देण्याची ऐपत आणि भाड्यानें घेण्याची मोकळीक या दोन भिन्न वस्तु आहेत, याचें कोंकणच्या इतिहासांत याहून स्पष्ट उदाहरण आम्हांस माहीत नाहीं.

तिकीट व उक्तें भाडें यांतला भेद येथें निराळ्याच तऱ्हेनें उपयोगी पडतो. आगबोट खिडकीवर पैसे टाकणारास तिकीट देते. मोटारवाल्याशीं बोलून ठरवावें लागतें, आणि बोलणें आलें कीं जात आली. उक्त्या भाड्यांत मंडळीस मोकळेपणा फार, आपली वेळ, आपला मुक्काम, आपलीं गाणीं. पण तो मोकळेपणा ज्यांस मालक 'हो' म्हणतो त्यांचाच. हा आमचा तर्क आहे, व त्यास उलट प्रमाण मिळाल्यास आम्ही तो सोडूं.

याच संबंधांत घाटावरची एक गोष्ट सांगतों. प्रवासी मंडळींचें मूळ दापोली तालुक्यांतलें, म्हणून ती अगदींच परकी नव्हे. १९०१ सालीं आंबेडकर लहान असतां भावंडांसह साताऱ्याहून वडिलांच्या नोकरीच्या गांवीं निघाले व मसूरच्या स्टेशनांत उतरले. जात कळतांच गाडीवान भाड्यास तयार होईनात. अखेर एकजण कबूल झाला तो दुप्पट भाड्यावर, आणि गाडी मुलांनींच हांकावी, आपण बरोबर चालत येईन, या बोलीवर. ही हकीकत त्यांनीं स्वतःच आपल्या इंग्रजी आठवणींत लिहून ठेविली आहे. गाडीवानानें चिठ्ठी केली असती तर तींत फक्त आकार आला असता, आणि शंभर वर्षांनीं आम्हीं तो आकार वाचून त्या सालीं भाडें फार चढलें होतें असा निष्कर्ष काढिला असता! कागदावरचा आकडा खरा असूनही असा फसवितो. आणि जो करार झालाच नाहीं त्याचा तर कागदही उरत नाहीं. नकाराचा पुरावा नाकारलेल्या मनुष्याच्या आठवणींतच शोधावा लागतो.

आठवणींचें हें महत्त्व आपल्या लोकांस ठाऊक नाहीं असें नाहीं. कोंकणांतल्याच वरसईच्या विष्णुभट गोडशांनीं १८५७ सालीं उत्तरेकडे केलेल्या प्रवासाची हकीकत लिहून ठेविली; चिं. वि. वैद्यांनीं ती १९०७ त फेरफार करून छापली, आणि मूळ हस्तलिखितावरून शुद्ध प्रत दत्तो वामन पोतदारांनीं १९६६ त काढली. मूळ बाड कोणीतरी जपून ठेविलें नसतें तर आपण फेरफारासच मूळ समजून बसलों असतों.

मोटारींच्या खासगी अमदानीविषयीं फार लिहिण्याचें कारण नाहीं. गाडी भरल्याखेरीज सुटत नसे. दुसऱ्या महायुद्धांत पेट्रोल दुर्मिळ झालें तेव्हां कोळशाच्या गॅसवरही गाड्या चालल्या, आणि घाटांत उतारूंस उतरून चालावें लागे, हें वृद्धांकडून कोणासही ऐकावयास मिळालें असेल. एस. टी. आल्यावर एक फरक मात्र मुळांतला झाला. नाकारूं शकणाऱ्या मालकाच्या जागीं दरपत्रक आलें. अनामत भरावी, तारीख, वेळ, मार्ग व परतीचा दिवस लिहून द्यावा, आणि किलोमीटरांप्रमाणें आकार द्यावा. शाळेच्या सहलीस तोच आकार निम्मा. मागणारा कोण, हें त्या कागदांत विचारलेलें नसतें. पद्मावतीच्या प्रवासानंतर सुमारें साडेवीस वर्षांनीं ही संस्था निघाली, हें लक्षांत घेतलें म्हणजे त्या रुक्ष छापील पावतीकडे पाहण्याची दृष्टि बदलते.

कराराच्या वाहनाचा आणखी एक विशेष: त्यांत कोण बसलें हें मंडळीस ठाऊक असतें. 'रामदास' आगबोट १७ जुलै १९४७ रोजीं भाऊच्या धक्क्याहून रेवसास जातांना काशाच्या खडकाजवळ बुडाली व सहाशेंहून अधिक माणसें गेलीं. ती तिकिटाची बोट होती, आणि घरोघर दिवसचे दिवस लोक वाट पाहत राहिले. उलट २८ जुलै २०१८ रोजीं दापोलीच्या कृषिविद्यापीठांतील मंडळी महाबळेश्वराच्या सहलीस जात असतां आंबेनळी घाटांत त्यांची लहान बस दरींत कोसळली. एकच मनुष्य वांचला. गाडी भाड्याची नव्हती, संस्थेचीच होती. पण एका कचेरींतले, एका गांवांतले लोक एका गाडींत होते, म्हणून कोण गेलें हें दापोलीस लागलीच समजलें. समूहानें प्रवास करण्यांतलें सुख व त्याची किंमत दोन्ही यांत आलीं. अधिक लिहवत नाहीं.

हे कागद सांपडावयाचे कोठें? आमचा अनुभव असा कीं, कोंकणांतल्या घरांपेक्षां मुंबईंत अधिक. गिरणगांवांतल्या चाळींत गांवोगांवच्या लोकांनीं सामायिक खोल्या घेतल्या होत्या, एका खोलींत एका गांवचे दहावीस गडी राहत, आणि त्यांचीं ग्रामस्थ मंडळें असत. शिमग्याची, जत्रेची, गणपतीची गाडी हीं मंडळें ठरवीत. वर्गणी गोळा करणें, विसार देणें, जागा वांटणें, सर्व हिशेब वहींत. या वह्यांतली वर्गणीदारांची यादी म्हणजे त्या गांवच्या मुंबईकरांची वर्षावर्षाची मोजदादच होय. कोणत्या वाडीचीं नांवें एका गाडींत येतात व कोणत्या वाडीची गाडी निराळी होते, हें त्यांत उघड दिसतें. महाडच्या प्रश्नाचें पुढचें उत्तर शोधावयाचें तें येथेंच. 'ड्रायव्हरास चहा', 'घाटांत नारळ', 'पोस्त', असलीं किरकोळ कलमेंही गाळूं नयेत. त्यांवरून गाडी कोठें थांबली व कोणत्या घाटानें उतरली हें कळतें; मार्ग म्हणून निराळा लिहून ठेवण्याची गरज कोणास वाटलेली नसते.

१८ जानेवारी १९८२ रोजीं गिरण्यांचा संप सुरू झाला व पुढें खोल्या रिकाम्या होऊं लागल्या. आतां चाळी पाडून मनोरे उठत आहेत. अशा एका खोलींत लोखंडी पेटीभर वह्या आहेत असें आम्हांस एका स्नेह्यांनीं कळविलें होतें. कामाच्या व्यापांत आम्ही दोन महिने उशिरां गेलों. खोलीस नवें कुलूप होतें, पेटी गांवीं गेली होती, आणि वह्या वजनावर रद्दींत. शेजारच्या वृद्ध गृहस्थांनीं एक पुठ्ठा तेवढा जपून ठेविला होता, त्यावर कुंकवाचें स्वस्तिक व मंडळाचें नांव. तो आमच्या संग्रहीं आहे. दोष आमचाच.

कोंकण रेल्वे २६ जानेवारी १९९८ रोजीं पूर्ण मार्गावर सुरू झाली, तरी गणपतीच्या दिवसांत मुंबईहून थेट गांवच्या वेशीपर्यंत सबंध एस. टी. ठरविण्याची चाल मोडलेली नाहीं. किनाऱ्यावर भजनी मंडळें, दशावतारी कंपन्या, वऱ्हाडें, शाळा यांचें काम आतां मिनीबसवर व टेम्पो ट्रॅव्हलरवर भागतें. ठरविणें दूरध्वनीवर, विसार दूरध्वनीवरच, बाकी हातांत. चिठ्ठी होतच नाहीं. जुन्या काळीं मचव्याचा करार बहुधा तोंडीच असे, तेव्हां आपण फिरून तेथेंच आलों, असें म्हणतां येईल. मधल्या ऐंशीनव्वद वर्षांचे कागद मात्र आहेत, आणि तेवढेच आहेत.

ज्यांच्याकडे ग्रामस्थ मंडळांच्या वह्या, आगबोटींचीं व मोटारींचीं हस्तपत्रकें, कराराच्या पावत्या असतील त्यांनीं त्या सुट्या न करतां, आहेत त्याच क्रमानें बांधून ठेवाव्या व आम्हांस कळवावें. वहीचें पान फाडून पावती तेवढी वेगळी काढूं नये, कारण शेजारच्या नोंदीवांचून ती मुकी आहे. त्यांतही एक विशेष विनंती. धरमतर ते महाड या रस्त्यावर मोटारी चालविणाऱ्या घराण्यांपैकीं कोणाकडे १९२७ च्या डिसेंबरची रोजकीर्द उरली असेल तर ती पाहावयास मिळावी. २४ व २५ तारखांस किती गाड्या सुटल्या व किती उभ्या राहिल्या हें तींवरून कळेल. त्या तारखांचीं पानें कोरीं असलीं तरी कोरीं म्हणूनच तीं आम्हांस हवीं आहेत.